हातातला कागद

व्हेनिसला जाणाऱ्या माणसाला कालवे, गोंडोला आणि सान मार्कोचा चौक पाहायचा असतो. मला मात्र एक लहानसे आवार पाहायचे होते. मी ठाण्याची. तीस वर्षे ठाण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवला, आणि दरवर्षी मार्को पोलोचा धडा आला की मी फळ्यावर ‘ताना’ असे लिहून मुलांना विचारीत असे, की या परदेशी माणसाने नोंदवलेले हे गाव कोणते असेल. थोड्या वेळाने कुणीतरी ‘ठाणे!’ म्हणून ओरडे आणि सगळा वर्ग हसू लागे. आपले रोजचे गाव, तलावपाळीचे आणि लोकलच्या गर्दीचे, सातशे वर्षांपूर्वी व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात आहे, याचा त्या मुलांना झालेला आनंद मी कधी विसरले नाही. तिथले कमावलेले चामडे, सुती कापड, तपकिरी धूप, असे सारे मी त्यांना सांगत असे.

हा मार्को पोलो १२७१ साली, सतरा वर्षांचा असताना, वडील आणि काकांबरोबर व्हेनिसहून निघाला आणि १२९५ साली परतला. पुढे जेनोवाच्या तुरुंगात असताना, १२९८ च्या सुमारास, त्याने आपला प्रवास रुस्तिकेल्लो नावाच्या सहकैद्याला सांगितला आणि त्याने तो लिहून काढला. पोलो कुटुंबाची घरे जिथे होती असे मानतात, त्या जागेला आज ‘कोर्ते सेकोंदा देल मिलिऑन’ म्हणतात. आपल्या जुन्या वाड्यांना असतो तसा तो एक चौक आहे. माझी मुलगी संशोधनासाठी पादुआला राहते. नोव्हेंबरात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने मला हे नाव आणि घरक्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. त्या दिवशी तिला काम होते, माझ्या यजमानांचा गुडघा दुखत होता, आणि रेल्वेने पादुआहून व्हेनिस म्हणजे ठाण्याहून दादरला जाण्याइतके सोपे, असे वाटून मी दुपारी एकटीच निघाले.

व्हेनिसमध्ये हरवणे म्हणजे काय, हे तिथले पत्ते कसे लिहितात ते समजल्याशिवाय कळत नाही. शहराचे सहा भाग आहेत, आणि घरांचे क्रमांक रस्त्यागणिक नसून अख्ख्या भागाला सलग दिलेले आहेत. माझ्या कागदावर ‘कान्नारेज्जो’ आणि त्यापुढे अठ्ठावन्नशेच्या घरातला आकडा होता. गल्लीचे नाव माहीत नसेल, तर नुसत्या त्या आकड्यावरून जागा शोधणे परक्या माणसाच्या आवाक्यातले नाही. रस्त्यांचे शब्दही निराळे. गल्ली म्हणजे ‘काल्ले’, पाण्याकाठची वाट म्हणजे ‘फोंदामेंता’, घराच्या पोटातून जाणारा बोळ म्हणजे ‘सोतोपोर्तेगो’, आणि कालवा बुजवून केलेला रस्ता म्हणजे ‘रिओ तेरा’. चौकाला ‘कांपो’ म्हणतात, म्हणजे शेत; ‘पियाझ्झा’ हा मान फक्त सान मार्कोला. ही नावे भिंतीवर काळ्या चौकटीतल्या पांढऱ्या पट्ट्यांवर रंगवलेली असतात, आणि त्या पट्ट्यांना तिथले लोक ‘निझिओलेती’, म्हणजे लहान चादरी, असे म्हणतात. हे सारे मी आधी वाचले होते. तरीही स्टेशनपासून निघून गुलिये पूल ओलांडल्यावर, सगळी गर्दी सरळ रियाल्तोच्या दिशेने जात असताना, मी डावीकडे वळले, कारण कालव्याच्या काठी एका कमी उंचीच्या दारावर मला हिब्रू अक्षरे दिसली.

तो घेट्टोचा प्रवेश होता. मी हरवले ती या जागेमुळे, आणि हा लेख लिहीत आहे तोही तिच्यामुळे, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

२९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या सेनेटने ठरवले, की शहरातल्या ज्यूंनी एकाच बेटावर राहावे. तिथे पूर्वी धातूचे ओतकाम चालत असे. व्हेनिसच्या बोलीत ओतशाळेला ‘जेतो’ म्हणत, आणि जर्मनीकडून आलेल्या ज्यूंच्या उच्चारात त्याचे ‘घेट्टो’ झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज जगभर वापरला जाणारा हा शब्द त्या एका लहानशा बेटाचे नाव होता. बेटाला फाटके बसवली. रात्री ती बंद होत आणि पहाटे उघडत. पहारेकऱ्यांचा आणि भोवती फिरणाऱ्या होड्यांचा खर्च मात्र आत कोंडलेल्यांकडूनच घेतला जाई. बाहेर पडताना पिवळी खूण किंवा ठरावीक रंगाची टोपी बंधनकारक होती. जुन्या कपड्यांचा व्यापार, सावकारी आणि वैद्यकी एवढेच मुख्य व्यवसाय त्यांना मोकळे होते. वैद्यांना रुग्णासाठी रात्री बाहेर जाण्याची मुभा असे, कारण शहरातल्या श्रीमंतांना त्यांची गरज होती. लोकसंख्या वाढली तशी घरे वर चढत गेली. जागा तेवढीच असल्यामुळे मजल्यांची उंची कमी करून सात-सात, आठ-आठ मजले रचले गेले. ही व्यवस्था १७९७ पर्यंत, नेपोलियनच्या सैन्याने फाटके मोडेपर्यंत, जवळपास २८० वर्षे चालली.

मी ज्या बोळातून आत शिरले, त्याच्या दगडी चौकटीत फाटकाच्या बिजागऱ्यांच्या खाचा अजून दिसतात. मी त्यांत बोट घालून पाहिले. पुढे भिंतीत १७०४ सालचा एक शिलालेख आहे, धर्मांतर करून ख्रिस्ती झालेल्या ज्यूने पुन्हा इथे पाऊल ठेवल्यास कोणत्या शिक्षा होतील ते सांगणारा. मोठ्या चौकात आले, तेव्हा उंच घरांमागे उजेड मावळत होता. दोन सैनिक पहारा देत उभे होते, आणि विटांच्या भिंतीवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथून नेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ बसवलेले ब्राँझचे फलक होते. १९४३ ते १९४४ या काळात या शहरातून दोनशेहून अधिक ज्यूंना छावण्यांकडे पाठवले गेले; परतलेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मी तिथे किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. निघाले तेव्हा अंधार पडला होता, फोनची बॅटरी संपली होती, आणि आपण कोणत्या पुलावरून आलो हे मला आठवत नव्हते.

चौकातून बाहेर पडायला तीन पूल आहेत. मी त्यांपैकी एक घेतला आणि एका लांब कालव्याकाठच्या वाटेवर आले. पट्टीवर नाव होते ‘फोंदामेंता दे ऑर्मेझिनी’. होर्मुझहून येणाऱ्या रेशमी कापडावरून हे नाव पडले आहे, हे मला माहीत होते. त्याच होर्मुझच्या बाजूने घोड्यांची जहाजे आपल्या किनाऱ्याकडे येत. त्या परक्या अंधारात ओळखीचा शब्द भेटल्यावर क्षणभर धीर आला. घेट्टोत घरांवर एकोणतीसशेच्या आसपासचे आकडे होते, मला अठ्ठावन्नशेकडे जायचे होते. पण चालत गेले तसे आकडे उतरू लागले: सत्तावीसशे, सव्वीसशे, पंचवीसशे. साहजिकच दिशा चुकली असे समजून मी मागे फिरले. आता नकाशा पाहून कळते, की माझी दिशा बरोबर होती, फक्त आकड्यांचा प्रवाह त्या ठिकाणी उलटा वाहत होता. मागे फिरले ते एका काल्लेत शिरले. ती पाण्यापाशी संपली. दुसरीत शिरले, ती एका बंद दारापाशी संपली.

कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो शांतपणे वाचला, माझ्याकडे पाहून हसले, आणि हात पुढे करून म्हणाले, “सेंप्रे द्रित्तो”, म्हणजे सरळ, सरळच. व्हेनिसचा माणूस वाट विचारणाऱ्याला हेच सांगतो, असे मुलीने मला आधीच सांगितले होते. ज्या शहरात एकही वाट सरळ नाही तिथे त्या शब्दांचा उपयोग होत नाही, पण त्यांनी माझा कागद वाचला होता, हे मी विसरणार नाही. पुढे जे घडले त्यामुळे तर मुळीच नाही.

कालव्याकाठी एक दुकान उघडे होते, पिशव्या आणि स्कार्फ विकणारे. आत उबदार पिवळा प्रकाश होता. मी सुती साडी नेसले होते, वर मुलीचा जाडा कोट, डोक्याला शाल गुंडाळलेली. मी दारात उभी राहून कागद पुढे केला. गल्ल्यामागच्या बाईंनी वर पाहिले आणि मी तोंड उघडण्याच्या आत हात हलवला. तळहात बाहेर, बोटे मनगटातून झटकल्यासारखी, दोन वेळा. “नो, नो. निएन्ते.” मी इंग्रजीत म्हणाले, की मला फक्त एक पत्ता विचारायचा आहे. त्या उठून दारापर्यंत आल्या, माझ्या खांद्याला न शिवता मला बाहेर जावे लागेल अशा बेताने उभ्या राहिल्या आणि काचेचे दार लावून घेतले. काचेतून मी कागद पुन्हा उलगडून दाखवला. त्यांनी पाठ फिरवली होती.

मी नंतर खूप विचार केला, की त्यांना काय दिसले असेल. युरोपातल्या पर्यटनाच्या शहरांत हातात लिहिलेला कागद धरून मदत मागणाऱ्या स्त्रिया फिरतात. काळसर चेहरा, डोक्यावर वस्त्र आणि हातातला कागद ही खूण त्यांना ठाऊक असणार. मुलीने काळजीने, मोठ्या अक्षरांत लिहिलेला तो कागदच माझ्यावर उलटला. हे कारण मला समजते. पण कारण समजले म्हणून ती कृती मला क्षम्य वाटत नाही, आणि तसे लिहिण्याची औपचारिकता मी करणार नाही. त्या बाईंना कागद वाचायला चार सेकंद लागले असते. माझा चेहरा त्यांनी आधीच वाचला होता, आणि तेवढे त्यांना पुरेसे वाटले. हरवलेल्या माणसाला विचारण्यावाचून गत्यंतर नसते, आणि विचारायला गेले की प्रश्नाच्या आधी आपला चेहरा पोचतो. रोजच्या आयुष्यात आपल्या गावात, आपल्या नावानिशी वावरताना हे जाणवत नाही, कारण तिथे कुणालाही काही विचारावे लागत नाही. साठीला टेकलेली, कायम ‘बाई’ म्हणून आदर मिळालेली मी, त्या दारापुढे रडले नाही. पण हाताला कंप सुटला होता, आणि तो थंडीचा नव्हता.

थोड्या अंतरावर एका उपाहारगृहाच्या मागच्या दाराशी पांढरा ॲप्रन घातलेला एक तरुण कचऱ्याची पिशवी ठेवत होता. त्याने सारे पाहिले होते. जवळ येऊन त्याने विचारले, “आंटी, इंडिया से?” तो बांगलादेशचा होता. हिंदी त्याला सिनेमांतून येत होते. कागद पाहून म्हणाला, की इथून सांगून कळणार नाही, आणि आत जाऊन मालकाची दहा मिनिटांची सुटी मागून आला. चालताना त्याने सांगितले, की तो नवीन आला तेव्हा रोज रात्री हरवत असे. मग त्याने रस्त्यांचा नाद सोडून पुलांचा हिशेब ठेवला: तीन पूल, उजवीकडे, दोन पूल, स्टेशन. राहायला तो मेस्त्रेला, सहा जणांत एक घर. शहरातल्या स्वयंपाकघरांत काम करणारे त्याच्या ओळखीचे सगळे रात्री काम संपले की लगूनवरचा लांब पूल ओलांडून पलीकडे झोपायला जातात. व्हेनिसमध्ये राहत का नाही, हे मी विचारले. “आंटी, किराया,” एवढेच तो म्हणाला. नुकत्याच पाहिलेल्या बिजागऱ्यांच्या खाचा माझ्या डोळ्यांपुढे आल्या. तुलना पूर्ण बरोबर नाही, त्याला कुणी खूण लावायला सांगितलेली नाही आणि तो हवे तेव्हा शहरात येऊ शकतो. पण ज्यांच्या हातांची दिवसा गरज असते त्यांनी रात्री दुसरीकडे असावे, एवढी गोष्ट तीच होती.

सांता फोस्काच्या चौकात आम्ही रुंद रस्त्याला लागलो. तिथे दोन-तीन उंच, काळे तरुण पांढऱ्या चादरीवर पिशव्या मांडून उभे होते. माझा सोबती हळू आवाजात म्हणाला, “इन लोगों से बचके रहना. चोर हैं सब.” ज्याच्याकडे त्या शहराने कधी नीट पाहिले नव्हते, त्याने हे सांगितले. आणि मी, दहा मिनिटांपूर्वी एका दारातून हाकलली गेलेली, काही न बोलता पर्स कोटाच्या आत घेतली आणि त्या तरुणांच्या बाजूने न जाता मधून चालू लागले. त्यांतल्या एकाने माझा हात कोटाखाली जाताना पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने फक्त नजर दुसरीकडे नेली, जशी सवयीच्या गोष्टीवरून माणूस नेतो.

त्या तरुणाने मला मोठ्या रस्त्याला लावून दिले, चहाचे पैसे घ्यायला नकार दिला आणि पुलांचा हिशेब सांगून तो धावत कामावर गेला. दोन पूल ओलांडून, सान जोव्हान्नी क्रिसोस्तोमोच्या चर्चमागून, एका सोतोपोर्तेगोखालून मी अखेर त्या चौकात पोचले. मधोमध विहिरीचे दगडी तोंड, एका बाजूला कोरीव कमान, वर लोकांच्या खिडक्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे. शेजारच्या नाट्यगृहाच्या भिंतीवर १८८१ साली नगरपालिकेने लावलेला शिलालेख आहे. दिव्याच्या उजेडात मला इटालियन वाचता येईना, म्हणून मी हातातल्या कागदाच्या मागे ती अक्षरे जशीच्या तशी उतरवून घेतली.

पादुआला परतल्यावर मुलीने ती वाचून दाखवली: इथे मार्को पोलोची घरे होती, ज्याने आशियातील अतिदूरच्या प्रदेशांचा प्रवास केला आणि त्यांचे वर्णन केले. ‘अतिदूरचे प्रदेश’ म्हणजे आपले ठाणे. आणि मग मला आठवले, की पोलोने ठाण्याबद्दल जे सांगितले, त्यातले अर्धेच मी मुलांना तीस वर्षे सांगत आले. चामडे आणि कापड सांगितले. पण त्याच मजकुरात पुढे असेही आहे, की इथले लोक मूर्तिपूजक आहेत, इथून समुद्री चाचे निघतात आणि व्यापाऱ्यांना लुटतात, आणि राजा त्यांना सामील आहे, कारण लुटीतले सारे घोडे त्याला मिळतात. एका अख्ख्या गावाची ओळख चार वाक्यांत, आणि त्यांतली दोन लुटारूंबद्दल. ही वाक्ये मी वर्गात कधी वाचली नाहीत. आपल्या गावाबद्दल परक्याने केलेली नोंद मला अर्धी हवी होती.

घेट्टो हा शब्दही मी वर्गात शिकवला होता, फळ्यावर व्हेनिसचा नकाशा काढून. ठाण्यानंतर कळवा आणि कळव्यानंतर मुंब्रा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबे मुंब्र्याला येऊन राहिली, कारण इतरत्र त्यांना सुरक्षित वाटत नव्हते किंवा घर मिळत नव्हते. लोकल तिथून रोज जाते. माझ्या वर्गात तिथून येणारी मुले होती. मी नकाशा जवळपास चार हजार मैलांवरच्या बेटाचा काढला, दोन स्टेशनांवरच्या गावाचे नाव मात्र घेतले नाही.

त्या रात्री मी यजमानांना दुकानातला प्रसंग सांगितला. ते संतापले, मुलगी तर त्या दुकानात जाऊन जाब विचारायला निघाली होती. मी त्यांना थांबवले आणि विचारले, की दहा-बारा वर्षांपूर्वीची आपल्या सोसायटीची ती सभा आठवते का. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मालकाला भाड्याने द्यायचा होता, आणि मुंब्र्याहून एक गृहस्थ पत्नी व दोन मुलांना घेऊन तो पाहून गेले होते. बँकेत नोकरी, मुलींची शाळा ठाण्यात, सारे व्यवस्थित. ते सेक्रेटरींच्या दाराशी, म्हणजे आमच्या समोरच, पगारपत्रके, ओळखपत्रे, आधीच्या घरमालकाचे पत्र असे सगळे फाइलमध्ये लावून आले होते, आणि ती फाइल त्यांनी दोन्ही हातांनी पुढे धरली होती. सेक्रेटरींनी ती उघडली नाही. सभेत कुणीतरी म्हणाले, की माणूस चांगला आहे, पण उगाच पायंडा पडायला नको. ठराव कागदावर आला नाही; मालकाला फोन गेला, एवढेच. मी पहिल्या रांगेत बसले होते. मी इतिहासाची शिक्षिका होते, आणि त्या सभेत माझ्या शब्दाला किंमत होती. मी काही बोलले नाही.

यजमान बराच वेळ गप्प होते. मग आम्ही दोघे त्या गृहस्थांचे नाव आठवू लागलो. फाइल निळ्या रंगाची होती, तिला पांढरी दोरी होती, आणि धाकट्या मुलीने आमच्या दारातल्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून उडी मारली होती, इतके आम्हा दोघांनाही आठवले. नाव दोघांनाही आठवले नाही.